उसनी मखमली टोपी की आपलं हेल्मेट?

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. माझी पंधरा वर्षांची मुलगी इथल्या पोनी क्लबमध्ये घोडेस्वारी शिकते. तिच्या मैत्रिणीच्या घरच्यांनी ऑक्टोबरमध्ये एक दिवस त्यांच्या हंटबरोबर, म्हणजे कुत्रे घेऊन घोड्यांवरून जाणाऱ्या शिकारमंडळाबरोबर, यायला तिला बोलावलं आहे. कोल्ह्याची शिकार नाही, आधी टाकून ठेवलेल्या वासाच्या मागावर कुत्रे सोडतात, असं ते म्हणाले. पोशाखाची यादी आली आहे : ट्वीडचा कोट, फिक्या रंगाची ब्रीचेस (स्वारीची तंग विजार), गळ्याला स्टॉक नावाची पट्टी आणि पिन, केसांना जाळी. मुलीचं हेल्मेट जांभळं, चकचकीत आहे. मैत्रिणीच्या आजींनी स्वतःची जुनी काळी मखमली टोपी देऊ केली आहे. तिला हनुवटीखालचा पट्टाच नाही. इतक्या मायेने देताहेत, नाही म्हटलं तर वाईट दिसेल का? आणि पडल्यावर फुगणारं जॅकेट कोटावर घातलं तर चालेल का?
— एक आई, लेस्टर

उत्तर : ती टोपी घालू देऊ नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

पट्टा नसलेली टोपी मुलीच्या आधी जमिनीवर पोचते. डोकं आपटतं तेव्हा त्यावर काहीच नसतं. शिवाय ती टोपी आजवर किती वेळा आपटली आहे, हे वरून पाहून कुणालाच कळत नाही. आजच्या हेल्मेटच्या आत जो फोम असतो तो धक्का घेताना दबतो आणि दबला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. माझ्याकडे शिकणारं एखादं मूल पडलं आणि हेल्मेट जमिनीला लागलं, तर मी त्याचा पट्टा तिथल्या तिथे कात्रीने कापते. वर ओरखडासुद्धा नसतो, त्यामुळे आईवडील हळहळतात. पण पट्टा कापला नाही, तर तेच हेल्मेट पुढच्या महिन्यात धाकट्या भावाच्या डोक्यावर दिसतं.

आजींना सरळ सांगा की पोनी क्लबचे हेल्मेटचे नियम कडक आहेत आणि मुलीला त्याबाहेर जाता येत नाही. हे खरंच आहे. मग त्यांच्याकडून एखादा जुना स्टॉक किंवा पिन मागून घ्या. त्यांची वस्तू मुलीच्या अंगावर असेल, त्यांनाही बरं वाटेल. बांधायलाही त्यांनाच शिकवू द्या. ती गाठ पुस्तकातून नीट जमत नाही.

जांभळ्या रंगाचं काम सोपं आहे. वर काळं किंवा गडद निळं मखमली कव्हर चढवायचं. तिथे घोड्याच्या सामानाच्या दुकानात मिळतं. कुंपणांवरून उड्या मारायच्या असतील तर कपाळावर पुढे येणारी झाप पक्की बसवलेली नसलेलं, गोल कवटीसारखं हेल्मेट घ्या. पडताना पक्की झाप जमिनीत अडकली तर मान मागे हिसकली जाते. आत पीएएस ०१५, व्हीजी१ किंवा एएसटीएम एफ११६३ यांपैकी एखादं मानक आणि त्यासोबत काइटमार्क किंवा एसईआयचा शिक्का आहे का ते पाहा. पट्टा लावून मुलीला मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट भुवयांवर घसरलं तर ते तिच्या मापाचं नाही.

आता रीतीबद्दल, कारण तुमची खरी अडचण ती आहे. हंटच्या रिवाजातल्या पुष्कळ गोष्टी जीव वाचवण्यासाठीच आल्या आहेत, म्हणून त्या यादीकडे मी आदराने पाहते. स्टॉक म्हणजे गळ्याभोवती गुंडाळून बांधलेली लांब पट्टी. रानात कुणाचा हात मोडला तर झोळी करायला आणि जखम झाली तर आवळून बांधायला ती सोडता येते. पिन आडवी लावायची, उभी नाही, म्हणजे पडताना तिचं टोक गळ्याकडे वळत नाही. केस जाळीत, कानातलं घरी, बुटाला टाच, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. शेपटीला लाल फीत बांधलेला घोडा लाथ मारतो, त्याच्या मागे जायचं नाही. कुत्रे जवळून जाऊ लागले की घोड्याचं तोंड त्यांच्याकडे वळवायचं, मागचे पाय नाही. हे सगळं मुलीने अक्षरशः पाळावं.

डोक्यावरची टोपी तेवढी मानाची खूण होऊन बसली होती. पूर्वी मोठ्या माणसांपैकी मास्टर (हंटचा प्रमुख), हंटचे नोकर आणि ज्यांच्या शेतांतून जायचं ते शेतकरी मखमली टोपी घालत, बाकीच्यांना उंच टॉप हॅट नाहीतर गोल बोलर टोपी. आज बहुतेक सगळे पट्ट्याचं हेल्मेट घालतात, म्हणजे हा भेद रीत सांभाळणाऱ्यांनीच सोडून दिला आहे. आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बायका दोन्ही पाय एका बाजूला टाकून, लांब घेरदार घागऱ्यात शिकारीला जात. पडल्या की घागरा खोगिराच्या शिंगात अडकायचा आणि घोडा त्यांना फरफटत न्यायचा. मग पुढून घागऱ्यासारखा दिसणारा आणि मागून उघडा असा एप्रन आला. दिसायला तोच पोशाख, पण पडताना सुटणारा. आज जुन्या रीतीने एका बाजूला बसणाऱ्या बायकांच्या अंगावर हाच एप्रन ‘पारंपरिक’ म्हणून शोभतो.

ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या ठरलेल्या चालींच्या स्पर्धेत, मात्र टॉप हॅट फार वर्षं टिकली. ती जाताना काय घडलं ते मुलीला जरूर सांगा. अमेरिकेची कोर्टनी किंग-डाय बीजिंग ऑलिंपिक खेळलेली स्वार. ३ मार्च २०१० रोजी फ्लोरिडात ती सराव करत होती. घोडा अडखळून पडला, तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटीला तडा गेला आणि ती सुमारे महिनाभर बेशुद्ध होती. तिचा अपघात पाहून जगभरच्या स्वारांमध्ये हेल्मेटची मोहीम उभी राहिली आणि ती स्वतः त्या मोहिमेत उतरली. २०१२ला लंडनमध्ये ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिनने व्हॅलेग्रो या घोड्यावर हेल्मेट घालून सुवर्ण जिंकलं, तेव्हा वरच्या पातळीवर टॉप हॅटला परवानगी होती. १ जानेवारी २०२१पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने हेल्मेट सर्वांना सक्तीचं केलं. आपल्या चौघांनी, त्यात मुंबईचा हृदय छेडाही आला, २०२३मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं ते हेल्मेट घालूनच. त्यांच्या पोशाखाला कुणी उणं म्हटलं नाही.

जॅकेटबद्दल : फुगणारं जॅकेट बंद गुंड्यांच्या साध्या कोटाखाली कधीही घालू नका. फुगायला जागा मिळाली नाही तर ते बरगड्याच दाबेल. ते वरूनच घालायचं, गडद रंगाचं घ्या. पण ते एकटं पुरेसं नाही. आत नेहमीचा बॉडी प्रोटेक्टर हवा, त्यामुळे ट्वीडचा कोट एक माप मोठा शिवा किंवा उसना आणा. या जॅकेटची दोरी खोगिराला अडकवलेली असते. उतरताना ती काढायला विसरलं की गॅसची नळी फुटते आणि मोठा आवाज होतो. शंभर पावलांवर कुत्रे आणि शेजारी दहा घोडे उभे असताना तो आवाज नको. उतरण्याआधी दोरीला हात, ही सवय आठवडाभर आधी घरच्या तबेल्यात लावा. आणि आधी हंटच्या सेक्रेटरीला फोन करून ‘मुलगी हे घालणार आहे’ एवढं सांगा. विचारलेलं त्यांना आवडतं. सकाळी मास्टरला ‘गुड मॉर्निंग, मास्टर’ म्हणायचं. पूर्वी टोपी उचलत, पट्ट्याचं हेल्मेट उचलता येत नाही, त्यामुळे शब्द आणि हसरा चेहरा पुरतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी आई म्हणून तुम्ही विचारायला हवी. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करण्यावर १८ फेब्रुवारी २००५पासून बंदी आहे. वासाच्या मागावर जाण्यालाही आता विरोध वाढतो आहे. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने २०२१मध्ये आपल्या जमिनीवर असं जाणं बंद केलं आणि मजूर पक्षाने २०२४च्या जाहीरनाम्यात त्यावर बंदीचं आश्वासन दिलं. त्या दिवशी माग कोण टाकतो, कसा टाकतो, हे यजमानांना मोकळेपणाने विचारा. उत्तर टाळलं, तर मुलीला पाठवू नका. माझ्या मते इथे संकोच करण्यासारखं काही नाही.

प्रश्न : गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मी यंदा नऊवारी आणि फेटा घालून घोड्यावर बसणार आहे. घोडा भाड्याचा आहे. हेल्मेट घातलं तर सगळा थाट जाईल, असं मंडळातल्या मुली म्हणतात.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नऊवारीची काळजी करू नका. काष्टा घट्ट असला की मांड ठोकून बसायला याहून चांगलं वस्त्र नाही. पदर मात्र कमरेला खोचून दोन ठिकाणी पिना लावा, कारण वाऱ्याने उडालेला पदर घोड्याच्या डोळ्याशी आला तर तो बुजतो. कोल्हापुरी चप्पल नको. टाच असलेला बूट घाला, साडीखाली फारसा दिसत नाही. पावलाचा पुढचा भागच रिकिबीत ठेवा.

मिरवणुकीत खरी भीती ताशांची आणि फटाक्यांची असते. भाड्याचा घोडा लग्नाच्या वरातींना सरावलेला असला तरी पायाशी माळ फुटली तर कोणताही घोडा उधळू शकतो, आणि खाली डांबरी रस्ता असतो. म्हणून स्वारीला हेल्मेट घाला. फेटा हेल्मेटच्या आत बांधू नका, त्याने हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा सैल पडतो. भगवा पातळ कपडा हेल्मेटवर गुंडाळून मागे शेमला सोडता येतो. फक्त गाठ अशी ठेवा की ओढल्यावर सुटली पाहिजे, आणि पट्टा कपड्याखाली झाकला जाता कामा नये. आदल्या संध्याकाळी हे बांधून आरशात पाहा. मंडळातल्या मुलींनाही दाखवा, बहुतेक त्याच आणखी नीट बांधून देतील. फोटोसाठी खरा फेटा हवा असेल तर तो घोड्यावरून उतरून, लगाम हातात धरून काढा.

सईस, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, पूर्ण वेळ घोड्याच्या डोक्याशी चालला पाहिजे, हे मंडळाने पैसे ठरवतानाच त्याला सांगावं. पाणी प्यायला, फोन घ्यायला तो दूर जाणार असेल तर तेवढा वेळ तुम्ही खाली उतरा.