वही आधी परत करा, प्रवेशपरीक्षेचे नंतर बोलू

पत्र : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला त्याला ८८ टक्के गुण होते, आता चाचणीत तो ६१ वर आला आहे. त्याच्या टेबलाच्या खणात एक वही सापडली, तीत १४० चित्रपटांना दहापैकी गुण दिलेले आहेत आणि सात चित्रपटांना तर पैकीच्या पैकी. दिवाळीत सगळे नातेवाईक जमले असताना मी त्याला विचारले, की चित्रपट परिपूर्ण कशाने होतो ते सांग. त्याला एक वाक्यही बोलता आले नाही. सीईटी होईपर्यंत वही मी कपाटात ठेवली आहे. तीन पानांचे फोटो सोबत पाठवतो. चित्रपट मलाही आवडतात, ‘शोले’ मी अकरा वेळा पाहिला आहे. पण त्यावर मी पोट भरत नाही. परिपूर्ण चित्रपटाचे काही शास्त्र असेल तर कळवावे, नसेल तर हे क्षेत्र तुझे नाही, असे आपणच त्याला लिहावे. – एक पालक

आदरणीय सर, सादर नमस्कार.

आपले पत्र वाचून मला गुणांची काळजी वाटली नाही. ८८ वरून ६१ वर आलेली मुले माझ्याकडे दर महिन्याला येतात आणि त्यांतील बरीचशी सावरतात. काळजी वाटली ती दिवाळीच्या त्या संध्याकाळची. मुलाला फळ्यापाशी उभे करून आपण उदाहरण सोडवायला लावता, तेव्हा त्या उदाहरणाला उत्तर असते आणि ते काढण्याची रीत आपण आधी शिकवलेली असते. येथे मात्र ज्या प्रश्नावर जाणत्या समीक्षकांचेही एकमत होत नाही, तो प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाला काका-मामांच्या देखत, तेही त्याची खासगी वही हातात धरून विचारला गेला. तो गप्प राहिला, याचा अर्थ त्याला काही कळत नाही असा आपण काढला. मी असा काढतो, की आपल्या जिवाभावाची गोष्ट कोठे बोलू नये, हे त्याला कळते. आणि वही कुलूपबंद केल्यामुळे त्याचे चित्रपट थांबले असतील, असे आपणास खरोखर वाटते काय? थांबले असेल ते लिहिणे, म्हणजे या सगळ्यातला जो भाग अभ्यासाच्या सर्वांत जवळचा होता तोच.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. आपण गणिताचे शिक्षक असल्यामुळे परिपूर्ण म्हणजे ज्यात चूक नाही ते, असे आपण गृहीत धरले आहे, आणि गैरसमज येथेच आहे. आपण अकरा वेळा पाहिलेला ‘शोले’च घेऊ. त्याच्या मूळ शेवटी ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. परंतु आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने हरकत घेतली आणि १९७५ मध्ये लोकांनी पाहिला तो पोलीस ऐनवेळी येऊन ठाकूरला थांबवतात असा, दिग्दर्शकाच्या मनाविरुद्ध बदललेला शेवट. मूळ शेवट पुढे फार उशिरा पाहायला मिळाला. म्हणजे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात जो चित्रपट पाच वर्षांहून अधिक काळ चालला, तो कर्त्यांना हवा होता तसा पूर्ण झालेलाच नव्हता, आणि तरीही त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांना त्यात काही उणे दिसले नाही. शास्त्राचे म्हणाल, तर प्रकाशाचे, ध्वनीचे आणि संकलनाचे शास्त्र आहे आणि ते शिकवताही येते. परिपूर्णतेचे सूत्र असते, तर तेच दिग्दर्शक, तेच लेखक आणि तेच संगीतकार १९८० मध्ये ‘शान’ घेऊन आले, तेव्हा त्यालाही ‘शोले’ची सर आली असती. ती आली नाही.

मग आपण अकरा वेळा काय पाहत होता? दुसऱ्या खेपेपासून पुढचे सगळे आपल्याला ठाऊक होते. जयच्या नाण्याला दोन्ही बाजूंनी छापच आहे, हे पहिल्या वेळी त्याच्या मृत्यूनंतर कळते. दुसऱ्या वेळी तो नाणे उडवतो त्या प्रत्येक प्रसंगी आपण मनात म्हणता, की याने तर आधीच ठरवले आहे. पुलापाशी मागे कोणी थांबायचे, हेही त्याने तसेच ठरवलेले असते. दृश्य तेच राहते, पण पाहणाऱ्याजवळ आता एक गुपित असते आणि त्या गुपितामुळे आधीची थट्टा जड होत जाते. चित्रपटवेडा माणूस एखाद्या चित्रपटाला परिपूर्ण म्हणतो, तेव्हा माझ्या मते त्याला बहुधा हेच सांगायचे असते, की पुन्हा गेलो तरी तेथे माझ्यासाठी जागा आहे.

याच कारणासाठी आपण पाठवलेल्या पानांपैकी एक पान मी दोनदा वाचले. ‘शोले’ या नोंदीखाली आपल्या चिरंजीवांनी एवढेच लिहिले आहे : ‘मुंगी. मारताना दाखवलेच नाही, तरी मी पाहिले.’ गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि लगेच अहमदचे, म्हणजे आपल्या सचिनचे, प्रेत घोड्यावरून गावात येते. मधली हत्या पडद्यावर नाही. दिवाळीत आपल्याला हवे होते ते वाक्य या पानावर आधीच लिहिलेले होते, सर, आणि ते आपल्याच कपाटात आहे. प्रसंग कोठे तोडावा आणि काय दाखवू नये, हे ठरवणे संकलनाच्या कामाचे मर्म आहे. ‘शोले’ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तोही संकलनाचा, आणि तो घेणारे एम. एस. शिंदे हे मराठी गृहस्थ होते. अकरा वेळा पाहूनही आपल्याला त्यांचे नाव बहुधा आठवणार नाही, आणि त्यात आपला दोष नाही.

तथापि उरलेली दोन पाने सामान्य आहेत, हेही स्पष्ट सांगतो. त्यांत ‘जबरदस्त’, ‘डोळ्यांत पाणी आले’ यापलीकडे काही नाही, आणि रडू आले म्हणून दहापैकी दहा देणारा मुलगा अद्याप केवळ प्रेक्षक आहे. तो आयुष्यभर उत्तम प्रेक्षकच राहिला, तरी त्यात वाईट काही नाही. त्याला दिग्दर्शक व्हायचे आहे, असे पत्रात कोठेही नाही, ते आपण आपल्या भीतीतून जोडले आहे. त्यामुळे हे क्षेत्र त्याचे नाही असे मी त्याला लिहिणार नाही, आणि आहे असेही लिहिणार नाही.

मार्गांचे म्हणाल, तर पुण्याची एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित रे संस्था या चित्रपटशिक्षणाच्या संस्थांत संकलन, ध्वनी, छायाचित्रण हे स्वतंत्र विभाग आहेत, त्यांच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवीनंतर प्रवेश मिळतो, आणि तोवर सीईटी द्यायला कोणाचीच आडकाठी नाही.

वही आज रात्री परत करावी, कोणतीही अट न घालता. त्याची इच्छा असेल, तर मुंगीच्या प्रसंगाची पाच मिनिटे त्याने एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून अनुभवावीत व काय हरवले ते लिहावे. आपणही अकराव्या वेळी कोणत्या प्रसंगाची वाट पाहत बसला होता, ते जेवताना त्याला सांगावे. तेव्हा नातेवाईक नसावेत. पुढचे पत्र त्याला लिहावेसे वाटले, तर त्याने स्वतः लिहावे, आणि पानांचे फोटोही त्यानेच निवडावेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक