घरच्या एचिंग-अ‍ॅनोडायझिंगला कोणता पॉवर सप्लाय?

एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (मेन्समधून ठरावीक डीसी व्होल्टेज देणारा सप्लाय) पडून आहे. त्यावर तांब्याचं एचिंग (करंटने धातू कोरणं) आणि अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियमचं अ‍ॅनोडायझिंग (द्रावणात करंट सोडून धातूवर ऑक्साइडचा थर चढवणं) तिन्ही भागेल का, हा तुमचा प्रश्न. नाही भागणार. अँपिअर भरपूर आहेत, पण तिथे अडत नाही; अडतं व्होल्टेजवर.

अ‍ॅल्युमिनियमचं काम अ‍ॅसिडच्या टाकीत होतं आणि त्याला करंट धरून ठेवणारा सप्लाय हवा. दर चौरस डेसिमीटरला १.३ ते १.५ अँपिअर धरा. १० बाय १० सेंमीचा पत्रा दोन्ही बाजू मिळून २ चौरस डेसिमीटर, म्हणजे ३ अँपिअरपर्यंत. ४५ मिनिटांत २० मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. थर वाढतो तसा रोधही वाढतो, आणि तोच करंट टिकवायला व्होल्टेज १६-१८ पर्यंत चढू द्यावं लागतं. तुमचा एसएमपीएस १२ वरच थांबणार, करंट उतरत जाणार, थर पातळ राहणार आणि रंग धरणार नाही. मग दोष रंगाला दिला जातो!

म्हणून ०-३० व्होल्ट, ५ अँपिअरचा, करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधता येणारा बेंच सप्लाय घ्या. खर्च टाळायचा तर २४ व्होल्टचा एसएमपीएस आणि करंट लिमिटवालं एक्सएल४०१६ बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड). त्यावर ८ अँपिअर लिहिलेलं असतं. पंखा नसेल तर ४ च्या वर नेऊ नका.

हाच सप्लाय तांब्याला चालतो. मोरचुदाचं द्रावण, एचिंगचा पत्रा प्लसला, दुसरा तांब्याचा पत्रा मायनसला, १-२ व्होल्ट. घाई करून व्होल्टेज वाढवलं की रेझिस्ट (न कोरायचा भाग झाकणारा लेप) कडेने सुटतो. स्टेनलेस मात्र मिठाच्या पाण्यात करू नका, विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम तयार होऊ शकतं.

टायटॅनियमचा रंग व्होल्टेजवर ठरतो: साधारण ३० ला निळा, ५५ ला पिवळा, १०० च्या आसपास हिरवा. करंट अगदी थोडा. निळ्यापुढे जायचं तर ०-१२० व्होल्ट, १ अँपिअरचा आयसोलेटेड (मेन्सपासून तोडलेला) सप्लाय वेगळा घ्या. डिमरस्टॅटला (नॉबने एसी व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिमरस्टॅट मेन्सपासून तोडलेला नसतो. नॉब शून्याजवळ असला तरी टाकीत फेज येऊ शकतो. आणि १०० व्होल्ट डीसीसुद्धा जीव घेतो, त्यामुळे स्विच बंद केल्याशिवाय द्रावणात हात नाही.

अ‍ॅल्युमिनियम करताना करंट मध्येच शून्यावर आला तर आधी लटकवायची तार बघा, सप्लाय नाही. तारेखाली थर चढला की संपर्क तुटतो. तार अ‍ॅल्युमिनियमचीच, घट्ट पिळलेली हवी. तांब्याची क्लिप अ‍ॅसिडात बुडाली तर सगळा करंट तीच खाते.

आम्लाचं बाष्प सप्लायच्या पंख्यातून आत ओढलं जातं आणि बोर्ड गंजतो. सप्लाय टाकीपासून दीड-दोन मीटर लांब ठेवा, वायर जाड घ्या.