आफ्रिकेच्या जंगल सफारीत गाजलेल्या पाच प्राण्यांच्या यादीत, म्हणजे ‘बिग फाइव्ह’मध्ये, रानम्हैस आहे, मग जिराफ आणि पाणघोडा का नाहीत?

कारण ही यादी पर्यटकांची नव्हे, जुन्या शिकाऱ्यांची. पायी माग काढून मारायला सर्वांत अवघड आणि धोक्याचे ते पाच: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप म्हैस (म्हणजे आफ्रिकेतली रानम्हैस). आकाराचा किंवा देखणेपणाचा संबंधच नाही. (असता तर म्हशीला कोण विचारतं!) पण जखमी म्हैस दाट झुडपात शिरते, थांबते आणि माग काढत आलेल्या माणसावरच उलटते. नराच्या कपाळावर तर दोन्ही शिंगांची बुडं जुळून जाड ढालच झालेली असते.

केनियात 1977 पासून अशा शिकारीवर बंदी आहे. टांझानिया, नामिबियात परवाना काढून ती अजूनही चालते. दक्षिण आफ्रिकेत हे पाचही प्राणी नोटांवर दिसतात. म्हैस 100 रँडच्या नोटेवर.