घड्याळाचा धातू आणि त्यावरचा थर

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. फवारणीच्या दिवसांतही घड्याळ हातातच असते. ॲल्युमिनियमचे काळे स्मार्टवॉच टिकेल का?

तुमच्या कामासाठी मी ॲल्युमिनियम सुचवणार नाही, आणि त्याचे कारण बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद व चुना यांच्या फवारणीच्या औषधात आहे. ॲल्युमिनियमचे रक्षण त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर करतो. ॲनोडायझिंगमध्ये सौम्य गंधकाम्लातून वीज सोडून हाच थर जाड करतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि मग ती छिद्रे बंद करतात. हा थर कठीण असला तरी त्याची जाडी जेमतेम एक-दोन शतांश मिलिमीटर असते. छाटणीची कात्री किंवा मांडवाची तार घासून कडेचा टवका उडाला, की काळ्या रंगाखालची पांढरी रेघ उघडी पडते. तेथे मोरचुदातील तांबे बसते आणि दोन धातूंच्या संगतीने ओलाव्यात बारीक खड्डे पडू लागतात. चुन्याचा क्षारही हा थर पोखरतो.

टायटॅनियमला या दोन्हींची बाधा होत नाही. त्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे 4.5 ग्रॅम आहे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या 2.7 पेक्षा जास्त, पण स्टीलच्या 8 पेक्षा बरीच कमी. दिवसभर मनगटावर हा फरक जाणवतो. किंमत परवडत नसेल, तर रंगाचा लेप नसलेले 316 एल स्टील (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) घ्यावे. ॲल्युमिनियमचे घड्याळ आधीच घेतले असेल, तर ते साध्या पाण्याने पुसावे; सोडा किंवा पितळेची भांडी घासायची पावडर मुळीच लावू नये. तरीही माझा आग्रह असा, की फवारताना घड्याळ घरीच ठेवावे, कारण पट्ट्याखाली साचलेले औषध त्वचेला लागून राहते.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते. माझ्या चकचकीत स्टीलच्या घड्याळावर दोन महिन्यांत चरे उमटले. टायटॅनियमवर ते पडत नाहीत, हे खरे का?

पूर्णपणे खरे नाही. घड्याळांत बहुधा वापरला जाणारा ग्रेड 5 टायटॅनियम (टायटॅनियमचा एक मिश्रधातू) 316 एल स्टीलपेक्षा कठीण असतो, परंतु रस्त्यावरच्या धुळीतील गारेचे कण या दोन्हींहून कठीण असतात. धूळ बसलेले घड्याळ बाहीने कोरडेच पुसणे, हे चऱ्यांचे फार मोठे कारण आहे. आधी ते ओल्या फडक्याने टिपून घ्यावे.

शिवाय तुम्हाला खटकते आहे, त्यात धातूपेक्षा झळाळीचा वाटा मोठा आहे. घड्याळ खिडकीपाशी तिरके धरून पाहा : आरशासारख्या पृष्ठभागावर प्रत्येक केसाएवढी रेघ प्रकाश पकडते, तर ब्रश केलेल्या किंवा मॅट पृष्ठभागावर तीच रेघ इतर रेघांत मिसळून जाते. लेप नसलेल्या स्टीलची जमेची बाजू अशी, की ते पुन्हा पॉलिश करता येते. मात्र बफिंगची उष्णता आतील सीलपर्यंत पोहोचली तर पाणी शिरण्याचा धोका असतो, म्हणून हे काम स्मार्टवॉच हाताळणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. ॲनोडाइज केलेल्या घड्याळाला अशी दुरुस्ती नाही. बफ लावला की रंगच जातो.

प्रश्न : अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी लेथवर काम करतो. सोनेरी पीव्हीडी लेप किती टिकतो?

पीव्हीडी म्हणजे निर्वातात बाष्परूपाने धातूवर बसवलेला पातळ लेप. तुमच्या ड्रिलवर जो सोनेरी थर दिसतो, तो बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा, आणि घड्याळांवरही त्याच जातीचा लेप असू शकतो. लेप स्वतः फार कठीण असतो. पण जाडी काही मायक्रॉनच, आणि खालचे स्टील मऊ. त्यामुळे साध्या घासण्याने तो सहसा जात नाही, मात्र ठोसा बसून स्टील दबले, की त्यावरचा लेप तडकतो. लेथवर उभे राहताना मात्र कोणतेही घड्याळ घालू नका.

प्रश्न : पंचवटीहून विचारते. खोट्या दागिन्यांनी मला पुरळ येते. स्टीलचे घड्याळ चालेल का?

अशा दागिन्यांत बहुधा निकेल बाधते. 316 एल स्टीलमध्येही 10 ते 14 टक्के निकेल असते, पण ते मिश्रधातूत घट्ट बांधलेले असल्याने त्वचेपर्यंत फारच थोडे उतरते, आणि अनेकांना त्रास होत नाही. तुमचा पूर्वानुभव पाहता मी टायटॅनियमच घ्यायला सांगेन : ग्रेड 5 मध्ये सुमारे 90 टक्के टायटॅनियम, 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असते. खरेदी करताना पट्ट्याचे बक्कल कशाचे आहे, हे आवर्जून विचारा, कारण घड्याळ टायटॅनियमचे असले तरी बक्कल वेगळ्या धातूचे असू शकते. नव्या घड्याळानेही पुरळ आले, तर त्याचा फोटो काढून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खूण फक्त बकलाच्या आकाराची असेल तर धातूचा संशय घेता येतो, आणि पट्टाभर असेल तर पट्ट्याखाली अडकलेला घाम व साबण यांच्याकडे आधी पाहावे लागते.