वरळी सी फेसला समुद्रासमोर भाड्याने राहणं प्रत्यक्षात कसं असतं?

पुण्याहून बदली, भाड्याचा भार कंपनीवर, आणि 'श्रीमंत वस्तीत, समुद्रासमोर राहणं नेमकं कसं असतं' हा तुमचा प्रश्न. भाडं सुटलं असं धरलं, तर उरतो तो प्रश्न मिठाचा.

वरळीला समुद्र पश्चिमेला. दुपारी जमीन तापली की वारा समुद्रावरून आत येतो आणि फुटलेल्या लाटांचे बारीक थेंब सोबत आणतो. पाणी वाटेत सुकतं, मीठ घरात पोचतं. खिडकीच्या काचेवर धुरकट थर येतो तो हाच. तो कोरड्या फडक्याने पुसला तर नुसता पसरतो, शिवाय अडकलेल्या धुळीचे ओरखडे पडतात. आधी पाण्याने धुवायचं, मग पुसायचं.

'स्टीलचं आहे, गंजणार नाही' असं ब्रोकर ग्रिलकडे बोट दाखवून सांगेल. नेहमीचं स्टेनलेस स्टील ३०४ दर्जाचं असतं आणि खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी डाग पडतातच. ३१६ दर्जाचं बरंच जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. गंमत म्हणजे पावसात भिजणारी बाजू उशिरा गंजते. छज्जाखालच्या, आडोशाच्या बिजागऱ्या आधी जातात, कारण तिथलं मीठ कधी धुऊन निघत नाही. घर बघताना तिथे बघा.

सगळ्यात जास्त मार एसीच्या आउटडोअर युनिटला. तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. दोन धातू एकमेकांना चिकटून आणि मधे खारी ओल, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणार. पट्ट्यांचा भुगा होतो, उष्णता बाहेर जात नाही, खोली थंड होत नाही. मग मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. टॉर्च मारून बघा: पट्ट्यांवर पांढरी भुकटी, झडलेल्या कडा दिसल्या तर दुखणं कॉइलचं, म्हणजे या नळ्या-पट्ट्यांच्या जाळीचंच आहे. नवं युनिट असेल तर महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून साध्या पाण्याने, कमी दाबाने धुऊन घ्यावं. प्रेशर पंप मारला तर पट्ट्या वाकतात. युनिट बाहेर भिंतीला टांगलेलं असेल तर हे काम माणूस बोलावूनच करायचं, खिडकीतून ओणवं होऊन नाही.

जून ते सप्टेंबर इथे पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचतं आणि बारीक भोकांतून बाहेर जातं, पण वाऱ्याचा जोर वाढला की ते बाहेर जायचं सोडून आत उसळतं. भोकं रंगाने किंवा सिलिकॉनने बुजलेली असली तर विचारूच नका. पट्टीत मगभर पाणी ओतून बघा. ते भराभर बाहेर गेलं पाहिजे. झडीला खरी तोंड देते ती रबरी गॅस्केटची, दोन-तीन जागी घट्ट लॉक होणारी कवाडाची खिडकी. खिडकीखालचा तेवढाच पट्टा ताज्या रंगाचा दिसला तर खाली ओल आहे असं समजा.

इमारतीचं दुखणं खोल असतं. मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. म्हणून भेगा सळईच्या रेषेत जातात. किनाऱ्यावरच्या बांधकामाला आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण मागतं. जुन्या इमारतींत तेवढं सहसा नसतं. बाल्कनीच्या छताला काठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. सोसायटीला १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. शेवटचं कधी झालं ते सेक्रेटरींना विचारा. त्याहून महत्त्वाचं, मोठी दुरुस्ती मंजूर झालीय का ते विचारा. ती पावसाळ्यानंतर सुरू होते आणि ऐन हिवाळाभर तुमचा समुद्र परांची आणि हिरव्या जाळीमागे जातो. भाडं मात्र समुद्राचंच.

नजाऱ्याचंही थोडं. बऱ्याच इमारतींसमोर आता आधी कोस्टल रोड दिसतो, मग समुद्र. खालच्या मजल्यांवर लाटांपेक्षा गाड्याच ऐकू येतात. पश्चिमेचं ऊन दोनपासून सूर्यास्तापर्यंत थेट आत, त्यामुळे दुपारी जाड पडदे ओढूनच बसावं लागतं. संध्याकाळी, विशेषतः शनिवार-रविवारी, कठड्यावर सगळी मुंबई. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी गाडी सकाळी बाहेर काढायची नाही.

पुणेकरांना खटकेल ते हे, की इथे रिक्षा नाही. टॅक्सी, बेस्टची बस, नाहीतर आत चालत जाऊन मेट्रो ३. कोस्टल रोडवर आणि सी लिंकवर दुचाकी चालत नाही, तेव्हा स्कूटर आणायचा विचार असेल तर पुन्हा करा. ताज्या मासळीसाठी कोळीवाडा जवळ आहे, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते.

मला विचाराल तर पहिल्या रांगेपेक्षा मागच्या रांगेतलं, वरच्या मजल्यावरचं, तिरका समुद्र दिसणारं घर घ्या. झड कमी, मीठ कमी, वारा तोच.

करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही मोजतात. कंपनीच्या छापील मसुद्यात 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची' असं वाक्य असतं. तिथे एसीची कॉइल, ग्रिल, खिडक्यांची गळती आणि छताचे पोपडे मालकाकडे, असं नाव घेऊन लिहून घ्या आणि ताबा घेतानाच गंजाचे, ओलीचे तारखेसह फोटो मालकाला ईमेल करा. नाहीतर घर सोडताना सगळा गंज तुमच्या डिपॉझिटमधून वजा होईल.