पहिला नंबर कुणाचा, हे भांडण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

मासिकाच्या ‘सर्वोत्तम रेस्टॉरंट’ अंकाचं काम तुझ्याकडे आलंय, आणि कचेरीत दोन तट पडलेत, असं तू लिहिलंस. एकाच्या मते या याद्या म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी, दुसरा त्यांना वेदवाक्य मानतो. माझं मत सरळ सांगते. यादीत कोणती रेस्टॉरंटं आली, हे बहुतेक वेळा गंभीरपणे घ्यावं. त्यातलं कोणतं कितव्या नंबरावर आलं, हे फार क्वचित. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग तासन् तास वाद घालूनही हाती काही लागत नाही.

जगातल्या सगळ्यात गाजलेल्या यादीचंच बघ. ‘वर्ल्ड्स ५० बेस्ट रेस्टॉरंट्स’ ही यादी २००२ साली ब्रिटनमधल्या ‘रेस्टॉरंट’ नावाच्या व्यावसायिक मासिकानं सुरू केली. पहिल्या वर्षी स्पेनमधलं ‘एल बुली’ अव्वल ठरलं. आज या यादीमागे एक हजाराहून जास्त मतदार आहेत. जगाचे पंचवीसहून जास्त विभाग पाडलेत आणि प्रत्येक विभागात चाळीस जण: काही शेफ आणि रेस्टॉरंटचालक, काही खाण्याविषयी लिहिणारे, काही जेवणासाठी देशोदेशी फिरणारे शौकीन. प्रत्येकाला दहा मतं. गेल्या अठरा महिन्यांत जिथे जेवलात त्याच जागेला मत द्यायचं, हा नियम. नावं गुप्त असतात. कागदावर हे सगळं बरंच काटेकोर दिसतं, आणि ही पद्धत बसवणाऱ्यांनी मेहनत घेतलीय हे मान्य करायला हवं.

आता स्वतःला त्या मतदाराच्या जागी ठेव. परक्या शहरात दोन रात्रींचा मुक्काम, म्हणजे जेमतेम दोन मोठी जेवणं. तू कुठे जाशील? ज्याचं नाव आधीच यादीत आहे तिथे, किंवा ज्याच्याबद्दल दुसऱ्या मतदारानं सांगितलंय तिथे. दोन गल्ल्या सोडून एखादी बाई वीस खुर्च्यांच्या जागेत अप्रतिम रांधत असेल, पण तिच्याकडे जायला तुला तिसरी रात्र लागेल आणि ती तुझ्याकडे नाही. कमी मतं मिळणं आणि मतदारानं पाऊलच न ठेवणं, यादीत दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून एकदा वर गेलेलं नाव वरच राहतं. यात कुणी लबाडी करावी लागत नाही. प्रवासाचा खर्च, हातातला वेळ आणि ऐकीव कीर्ती एवढं त्याला पुरेसं आहे. यादी दरवर्षी थोडीफार स्वतःवरच पोसली जाते, हा माझा तिच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. फ्रान्समधून २०१५ साली या यादीविरुद्ध मोहीम निघाली तेव्हाही मुद्दा जवळपास हाच होता: मतदार तिथे खरोखर जेवला, आणि बिल स्वतः भरलं, याचा पुरावा कुठाय?

अव्वल नंबराचा अर्थही नियमानं बदलतो. २०१९ पासून, एकदा पहिलं आलेलं रेस्टॉरंट पुन्हा स्पर्धेत येत नाही. अशा विजेत्यांचा वेगळा मानाचा गट केलाय. कोपनहेगनचं ‘नोमा’ त्याआधी चारदा पहिलं आलं होतं, नव्या जागेत गेल्यामुळे ते नवं धरलं गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा पहिलं आलं. पुढे २०२३ मध्ये पेरूमधल्या लिमाचं ‘सेंट्राल’, २०२४ मध्ये बार्सिलोनाचं ‘डिसफ्रुतार’. नियम मला पटतो, नव्यांना वाट मिळते. पण बातमीत छापून येतं ‘जगातलं सर्वोत्तम’. ‘आधीचे विजेते वगळून’ हे तीन शब्द मथळ्यात कधीच येत नाहीत. तुझ्या अंकात असे शब्द गळू देऊ नकोस.

मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीच्या रेस्टॉरंट-पुस्तिकेची रीत वेगळी. १९२६ मध्ये तारे सुरू झाले, १९३१ मध्ये एक-दोन-तीन अशी उतरंड आली. निरीक्षक कंपनीच्या पगारावर असतात, नाव न सांगता जेवतात, बिल भरतात. आणि तीन तारेवाल्या दोन रेस्टॉरंटांत सरस कोण, हे ते सांगतच नाहीत. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. अर्थात, ज्या प्रदेशाची पुस्तिका निघत नाही तिथे तारा नाही, आणि काही ठिकाणी पुस्तिका काढण्याच्या खर्चात पर्यटन मंडळांचा वाटा असतो. तेव्हा नकाशावरची मोकळी जागा म्हणजे तिथे चांगलं अन्न नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

आता तुझ्याच बैठकीत काय होईल ते सांगते, कारण हे मी संपादकीय टेबलावर बसून पाहिलंय. समज, एका रेस्टॉरंटात तीनच परीक्षक जेवले आणि तिघांनीही दहापैकी नऊ दिले. दुसरीकडे आठ जण जेवले, प्रत्येकानं आठ दिले. बेरीज केलीस तर सत्तावीस विरुद्ध चौसष्ट, दुसरं पुढे. सरासरी काढलीस तर नऊ विरुद्ध आठ, पहिलं पुढे. ‘किमान चार परीक्षकांनी जेवलेलं हवं’ अशी अट घातलीस तर पहिलं यादीतूनच बाद. ताटात काहीही बदललेलं नाही. बदललं ते फक्त गणित, आणि ते कुणीतरी दुपारी चारच्या सुमारास, अंक छापायला जायची घाई असताना ठरवतं. म्हणून गणिताची रीत पहिल्या दिवशी ठरव, एकही गुण हातात येण्याआधी. नंतर ठरवलीस तर कितीही सरळ माणूस असो, आपल्या आवडत्या जागेकडे हात वळतोच.

शर्यतीत सगळे एकाच मैदानावर, एकाच वेळी धावतात, म्हणून तिथे पहिला-दुसरा म्हणण्यात अर्थ असतो. इथे एकानं मंगळवारी शांत खोलीत जेवलेलं असतं, दुसऱ्यानं शनिवारी गर्दीत. एकाला ओळखून चांगलं टेबल दिलेलं असतं, दुसऱ्याला दाराशी ताटकळवलेलं असतं. १९९३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक रूथ रायशल न्यूयॉर्कमधल्या ‘ल सर्क’ या रेस्टॉरंटमध्ये वेश बदलून गेल्या आणि ओळख उघड ठेवूनही गेल्या. दोन्ही वेळचं आदरातिथ्य इतकं वेगळं निघालं की त्यांनी दोन्ही अनुभव शेजारीशेजारी मांडले आणि वर्तमानपत्रानं आधी दिलेले चार तारे तीनवर आणले. तुझे परीक्षक ओळखले जातात का, हे आधी विचार. फुकट जेवतात का, हे तर त्याच्याही आधी.

हे वाचून ‘मग यादी काढायचीच कशाला’ असं म्हणू नकोस. तिथे मी जाहिरातबाजीवाल्या तटाच्या विरोधात आहे. कोपनहेगन आणि लिमा इथे जेवायला म्हणून लोक जगभरातून जाऊ लागले, त्यात या यादीचा हात आहे. २०१६ मध्ये सिंगापूरमधल्या साध्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांना मिशलिनचे तारे मिळाले तेव्हा मोठ्या झुंबरांखालीच चांगलं शिजतं हा समज थोडा ढिला झाला. अनोळखी शहरात उतरलेल्या माणसाला हजार नावांतून वीस काढून देणं ही खरी सेवा आहे, आणि ती करायला जाणकार जीभ लागतेच.

पण समोर माणसं आहेत हे विसरू नकोस. बर्नार लोआझो या फ्रेंच शेफनं २००३ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या थोडंच आधी ‘गो ए मियो’ या फ्रेंच रेस्टॉरंट-पुस्तिकेनं त्यांचे गुण वीसपैकी एकोणिसावरून सतरावर आणले होते, आणि मिशलिनचा तिसरा तारा जाणार अशी कुजबुज होती. तारे तिन्ही शाबूत होते. असल्या गोष्टीचं कारण एकच नसतं, आणि दोष कुणाच्या माथी मारावा असं मी म्हणत नाही. तरी एका गुणाचा फरक छापण्याआधी तो फरक आपल्याला खरोखर जिभेवर जाणवला होता का, हे परीक्षकांना विचारायला काय हरकत आहे?

तुझ्या जागी मी असते तर पंचवीस नावं निवडली असती आणि नंबर न देता छापली असती. संपादक नंबरांवर अडून बसतील. नंबरांनी अंक खपतो आणि त्यांनाही पगार द्यायचे असतात. तसं झालं तर पहिल्या तिघांना नंबर दे, बाकीचे एका गटात ठेव, आणि पानाच्या तळाशी स्पष्ट लिही: किती जण जेवले, किती वेळा, कोणत्या महिन्यांत, बिल कुणी भरलं, गुण कसे जोडले. त्या मजकुराची जागा आत्ताच मागून ठेव. एकदा जाहिराती लागल्या की पानावर चार ओळीही मिळत नाहीत.

तुझी,
जुनी संपादक