सही दारात नको, सभेत

प्रश्न : आक्का, महिला राखीव जागेवरून मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले. शिक्षण नववी. तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथं सगळं समजलं असं वाटलं. पण सभेत तोंडातून शब्द फुटेना. आता तर बोलावतही नाहीत. शिपाई प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, घरी आणतो, ‘वहिनी, इथं सही करा’ म्हणतो. आमचे हे म्हणतात, कर सही, उगीच वैर कशाला? काय करू? – एक वाचक

उत्तर : पोरी, आधी ती सही थांबव. बोलायचं मागनं बघू.

1997 साली मी निवडून आले तेव्हा बायकांना एकतृतीयांश जागा होत्या. 2011 पासून आपल्या राज्यात निम्म्या झाल्या, पण शिपाई अजून दारातच उभा! माझ्याही दारात आला होता. मी पिठाच्या हातानं सही ठोकली. सहीच्या वर चार बोटं जागा मोकळी होती. दोन महिन्यांनी कळलं, त्या चार बोटांत आमच्या आळीची गटार दुसरीकडं गेली होती आणि ठरावाला अनुमोदक माझंच नाव!

तेव्हा शिपाई आला की गोड बोलून सांग, ‘मामा, सही सभेत करीन.’ त्याच्यावर चिडू नकोस, तो सांगकाम्या. मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी मिळायला हवी. ती लेखी माग आणि पोच देताना तारीख घाल. नोटिशीवरचा पहिला विषय बहुतेक ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असतो. म्हणजे पहिलं वाक्य तुला तयारच मिळालं : ‘मागचं प्रोसिडिंग वाचून दाखवा.’ पहिल्या सभेत एवढंच बोल. आणि शेवटचा विषय, ‘ऐनवेळचे विषय’, येईपर्यंत उठू नकोस. चहा झाला की बायका स्वयंपाकासाठी निघतात, आणि खरी मेख तिथंच मारली जाते.

आता प्रशिक्षणाचं. कलमं मीही वर्षानुवर्षं शिकवली. कुठं बसायचं ते मात्र फार उशिरा शिकवायला लागले. दाराजवळच्या बाकावर बसू नकोस. ग्रामसेवकाच्या (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) शेजारची खुर्ची धर, वही दिसेल अशी. सही करताना वर मोकळी जागा दिसली तर सगळ्यांसमोर तिरकी रेघ मारायला सांग. ठराव पटला नाही तर ‘माझा विरोध लिहा’ म्हण, आणि लिहिलेला स्वतः वाच.

आवाज फुटायला महिलासभा बरी. ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते. तिथं सगळ्या आपल्याच. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. यंदा जमा किती, खर्च किती, एवढंच विचार. आकडा आला नाही तर तोच प्रश्न ग्रामसभेत, चार जणींना बरोबर घेऊन.

राहिले तुमचे हे. वैराची भीती खोटी नाही, त्यांनाही गावातच राहायचंय. रात्री जेवताना सभेत काय झालं ते सांगत जा. मात्र सभेला ते बरोबर यायला निघाले, तर चपला घालायच्या आधीच अडव. कचेरीच्या दारात अडवलंस तर गावासमोर अपमान होईल, आणि मग आठवडाभर घरात कोणी बोलायचं नाही.